पप्पा, पट्टी उतरवा

पत्र :

ताई, मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावातली. वय पंधरा, यंदा दहावीला आहे. सात वर्षांची होते तेव्हापासून पप्पांबरोबर गाते. पप्पा ऑर्गन वाजवतात, काका ऑक्टोपॅडवर असतात, भाऊ घरातल्याच खोलीत रेकॉर्डिंग करतो. आमची अहिराणी गाणी यूट्यूबवर बरी चालतात आणि लग्नसराईत हळदीच्या सुपाऱ्या असतात. या आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) माझा आवाज वर गेला की फाटतो, सकाळी तर निघतच नाही. दोन महिने झाले. पप्पा म्हणतात रियाज कमी पडतोय, म्हणून एकेक ओळ वीस-वीस वेळा घेतात. आजीबरोबर कानबाईची (आमच्याकडच्या श्रावणातल्या देवीच्या सणाची) गाणी म्हणते तेव्हा मात्र काही होत नाही. काही गाणी गायची मला लाज वाटते, पण तीच जास्त चालतात. घरात सगळे म्हणतात, तुझ्या गळ्यावर घर चाललंय. लता मंगेशकरांनी तेराव्या वर्षी घर सांभाळलं, हे पप्पा नेहमी सांगतात. आता एका कंपनीचा कागद आलाय, पाच वर्षं दुसरीकडे गायचं नाही असा. काकांची आठ वर्षांची मुलगीही आता गायला लागली आहे. मला गाणं सोडायचं नाहीये. पण पप्पांना नाही कसं म्हणू? (नाव छापू नका.)

उत्तर :

पोरी,

तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तू सहज लिहून पुढे गेलीस. आजीबरोबर कानबाईची गाणी म्हणताना तुला त्रास होत नाही, ही ती ओळ. मी तिथूनच सुरुवात करते.

आजीबरोबर गाताना काय होतं ते आठव. कानाला हेडफोन नसतो, मागे ट्रॅक नसतो. आजी तिच्या वयाला झेपेल अशा सुरात गाणं उचलते आणि बाकीच्या बाया त्या सुरात मिसळतात. एक ओळ आजीची, दुसरी तुमची. म्हणजे दर ओळीनंतर गळ्याला विसावा. कानबाईच्या रात्री जागरण असतं, गाणी पहाटेपर्यंत चालतात, तरी सकाळी बायकांचे आवाज शाबूत असतात, ते यामुळेच. आजीचा सूर खालचा असतो आणि तुझा गळा त्या सुरात आपोआप मोकळा होतो.

आता ऑर्गनकडे ये. तू आठ-नऊ वर्षांची असताना जी गाणी गाजली, ती काळी पाचमध्ये, म्हणजे ऑर्गनच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या उंच सुरात, किंवा त्याच्याही वर बसवलेली असणार असा माझा अंदाज आहे. लहान मुलीचा तो चिरका, गोड आवाज लोकांना आवडला. कार्यक्रमात अजून त्याच गाण्यांची फर्माईश होते, ट्रॅक तेच आहेत, पट्टीही तीच. बदलली आहेस ती तू. मुलांचा आवाज फुटतो हे गावात सगळ्यांना कळतं, कारण तो जवळजवळ सप्तकभर खाली येतो. मुलींचाही बदलतो, पण थोडा, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. साधारण अकरा ते पंधरा या वयात मुलींचंही स्वरयंत्र वाढतं, आवाज दोन-तीन पट्ट्या खाली बसतो, काही काळ त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते आणि वरचे सूर चिरतात. हे होणारच असतं आणि यथावकाश स्थिरावतं. त्या दिवसांत जुन्या पट्टीत रेटून गायलं की स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटत राहतात. त्यांना सूज येते. रेटणं थांबलं नाही तर दोन्ही बाजूंना बारीक गाठी धरू शकतात.

तुला गाठी झाल्या आहेत असं मी म्हणत नाही. ते बघितल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही, म्हणून बघून घ्यायचं. आवाज दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवावं असा साधा नियम आहे. तुला दोन महिने झालेत. जळगाव आणि धुळे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हा विभाग आहे. अमळनेरहून सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीने जळगाव गाठता येतं. डॉक्टर बारीक दुर्बिणीतून स्वरतंतू बघतील. तू गातेस, किती तास, कोणत्या आवाजात, समोर डीजे असतो का, हे सगळं त्यांना सांग, नुसतं 'घसा बसला' म्हणू नकोस. गाठी निघाल्या तरी घाबरू नकोस. तुझ्या वयात बहुतेक वेळा त्या आवाजाचा आराम आणि स्पीच थेरपिस्टने शिकवलेले व्यायाम यांनीच बऱ्या होतात, ऑपरेशन सहसा लागत नाही. ज्येष्ठमध आणि खडीसाखर चघळायला हरकत नाही, घशाला बरं वाटतं, पण त्याने सूज उतरत नाही. तपासणी होईपर्यंत वरचे सूर पूर्ण बंद. आणि आराम म्हणजे कुजबुजत बोलणं नव्हे, कुजबुजल्यानेही ताण पडू शकतो. हळू, पण नेहमीच्या आवाजात बोल, नाहीतर गप्प राहा.

आता पप्पांना कसं सांगायचं. 'मला गायचं नाही' असं म्हणू नकोस, कारण ते खरं नाही. 'पप्पा, पट्टी उतरवा' असं म्हण. हे वादकाला कळणाऱ्या भाषेतलं बोलणं आहे. ऑर्गनवर ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण असतं. काळी पाचवरून काळी चारला यायला ते दोनदा खाली दाबायचं, पांढरी पाचला यायला तीनदा. मुखडा त्या पट्टीत गाऊन दाखव. वरचा अंतरा न रेटता निघाला तर तुला वेगळं काही पटवून द्यावं लागणार नाही, पप्पांचा कान तयार आहे, त्यांना लगेच ऐकू येईल. जुने ट्रॅक भाऊ कॉम्प्युटरवर उतरवू शकतो. दोन पट्ट्यांपर्यंत फारसा फरक जाणवत नाही, त्यापुढे वाद्यांचा आवाज जरा जड होतो, मग ट्रॅक नव्याने वाजवून घ्यावा. काम आहे, पण घरातलंच आहे.

हे बोलणं टेक चालू असताना किंवा काकांसमोर काढू नकोस. आईला आधी सांग, आजीला बरोबर घे. तू पत्रात आईचा एकदाही उल्लेख केला नाहीस, म्हणून मुद्दाम लिहिते. घरातले सगळे पुरुष कार्यक्रमात असले की आईच्या मताला जागा राहत नाही, आणि बहुतेक वेळा मुलीचा आवाज बसलाय हे पहिल्यांदा तिलाच कळलेलं असतं.

भावासाठी दोन गोष्टी. आवाज तापवून घेतला की वरच्या ओळी आधी रेकॉर्ड करायच्या, खालच्या नंतर. सगळं गाणं सलग गाऊन शेवटी थकलेल्या गळ्याने अंतरा घ्यायचा, हे उलटं आहे. एक ओळ तीन-चार वेळा घेऊन जमली नाही तर पाणी, दहा मिनिटं बाहेर अंगणात, मग दुसरी ओळ. विसाव्या टेकला ओळ सुधारत नसते. आणि हेडफोनमध्ये ट्रॅक कमी ठेव, एक कान उघडा ठेवू दे तिला. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडतो. हळदीच्या मांडवातही तेच होतं. मॉनिटर, म्हणजे तिला तिचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, तिच्या तोंडासमोर ठेवा आणि डीजेच्या पेट्यांपासून तिला लांब उभी करा.

आता थोडं तुझ्या पप्पांशी बोलते. हे त्यांना वाचायला दे.

भाऊ, तुम्ही मुलीवर जबरदस्ती करता असं तिने कुठेही लिहिलेलं नाही. तिच्या पत्रात तुमच्याबद्दल मायाच आहे. तुम्ही तिच्या हातात माइक दिलात आणि अहिराणी गाणं गावाबाहेर नेलंत, ही मोठी गोष्ट आहे. म्हणूनच तुमच्याशी स्पष्ट बोलते.

लताबाईंचं उदाहरण तुम्ही देता. दीनानाथराव १९४२ मध्ये गेले, तेव्हा लताबाई तेराव्या वर्षात होत्या आणि पाठची चार भावंडं होती. घरात दुसरा कमावता नव्हता, म्हणून ते ओझं त्या पोरीच्या अंगावर आलं. तुम्ही तर धडधाकट उभे आहात, तुमची बोटं पट्ट्यांवर चालतात, घरात तीन पुरुष वादक आणि तंत्रज्ञ आहेत. पंधरा वर्षांच्या मुलीला रोज 'तुझ्या गळ्यावर घर चाललंय' असं ऐकवलं की तिचा गळा दुखला तरी ती सांगत नाही, आणि दोन महिने तेच झालं. या वाक्याने तिला अभिमान वाटेल असं तुम्हाला वाटतं. तिला भीती वाटते. हे वाक्य घरात आजपासून कोणीही म्हणू नये, एवढी विनंती आहे. आणि लताबाईंच्या त्याच गोष्टीचा दुसरा भागही तिला सांगा. त्या कमवत होत्या तेव्हाही मुंबईत आल्यावर उस्ताद अमान अली खाँ यांच्याकडे शिकत होत्या.

शिकण्याबद्दल माझं ठाम मत आहे. हिला घराबाहेरचा गुरू हवा. आपल्या खान्देशातलंच उदाहरण देते. नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, लहानपणी जळगावला राहून मेहबूबखाँ यांच्याकडे गाणं शिकले. जळगावात दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो, तिला एकदा तिथे घेऊन जा, गायला नको, ऐकायला. बाप शिकवतो तेव्हा सूर चुकला की बाप रागावतो, आणि जेवायच्या ताटावर परत तोच बाप समोर असतो. बाहेरच्या गुरूकडे चूक तिथेच राहते. आठवड्यातून एकदा तालुक्याच्या गावी जाऊन खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज शिकली तरी पुरे, षड्जावर, म्हणजे 'सा'वर शांत स्थिर होणं तिला ट्रॅकवर कधी शिकायलाच मिळालेलं नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिल्या तर दहावीला वाढीव गुणांची सोय असते. तिने आजवर कोणती परीक्षा दिली असेल तर शाळेत लगेच विचारा, अर्जाची मुदत असते.

सुपाऱ्यांचं म्हणाल तर दहावी होईपर्यंत हळदीचे कार्यक्रम तिच्याशिवाय करा, असं मी सांगेन. इसार घेतलेले असतील तर जाऊन सांगा की मुलगी आजारी आहे, दुसरी गायिका आणतो. लोक समजून घेतात. पुढेही ती जाईल तेव्हा रात्री दहाला माइक खाली ठेवायचा. दहानंतर उघड्यावर भोंगा लावायला तसाही २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत मज्जाव आहे. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे हवा किती कोरडी आणि तापलेली असते ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत घशाची काळजी दुप्पट.

गाण्यांतल्या शब्दांबद्दल तिने एकच ओळ लिहिली आहे, तीही घाबरत. जे शब्द ती आजीसमोर गाऊ शकत नाही ते तिला मांडवात शे-दोनशे परक्या पुरुषांसमोर गायला लावू नका. यात व्ह्यूजचा हिशोब करू नका. ती नाही म्हणाली की ते गाणं बाद, कारण विचारायचं नाही. आणि चॅनलवर सुपारीसाठी दिलेला नंबर तुमचा असू द्या, कार्यक्रमानंतर येणारे मेसेज आधी आईने बघावेत.

पैशांचं थोडं तपशिलात सांगते, कारण घरच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये हा विषय कोणी काढत नाही. यूट्यूबचे पैसे ज्या खात्यातून येतात ते अठरा वर्षांखालच्या व्यक्तीच्या नावावर काढता येत नाही. म्हणजे पैसे तुमच्या नावावर येतात, घरात मिसळतात, आणि मुलगी मोठी झाल्यावर तिचं काय होतं हे कोणालाच सांगता येत नाही. चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी २०१७ मध्ये केंद्राच्या नियमांत एक गोष्ट स्पष्ट लिहिली गेली. मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकायचा, तो सज्ञान झाल्यावर त्याला मिळतो. त्याच नियमांत दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, असंही आहे. तुमची मुलगी आता पंधराची आहे, पण मोजमाप म्हणून हेच धरा. तुम्ही, काका, मुलगा आणि गाडी-साउंडचा खर्च असे चार वाटे करत असाल तर पाचवा तिचा. तोच वीस टक्के होतो. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या नावाचं बचत खातं चालवता येतं, बँकेत जाऊन अटी विचारा. एक वही घाला. तारीख, गाव, किती मिळाले, तिच्या खात्यात किती गेले. वही तिच्या हातात राहू द्या.

कंपनीच्या कागदावर सही करू नका. करार-कायदा १८७२ चा आहे आणि त्यानुसार अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला करारच करता येत नाही. तुम्ही पालक म्हणून सही केली तर चालेल असं कंपनीचा माणूस म्हणेल. मुंबई उच्च न्यायालयाचा १९४९ चा एक निकाल आहे. वडिलांनी अल्पवयीन मुलीच्या वतीने सिनेनिर्मात्याशी करार केला, पुढे ते काम तिच्याकडून काढून दुसरीला दिलं गेलं, मुलगी कोर्टात गेली आणि कोर्टाने तो करार मुळातच निरर्थक ठरवला. म्हणजे मुलीच्या हाती काहीच लागलं नाही. असा कागद तुमच्या मुलीला संरक्षण देत नाही, फक्त तुम्हाला पाच वर्षं दबावाखाली ठेवतो. तीन वर्षांनी ती अठराची होईल, तेव्हा ती स्वतः वाचून ठरवेल.

एक बारीक गोष्ट, पण तीच मला जास्त सतावते. कंपनीने 'तुमच्या घरातली कानबाईची, गुलाबाईची (भुलाबाईची), आखाजीच्या झोक्यावरची गाणीही द्या' असं म्हटलं असेल किंवा पुढे म्हणेल. परंपरेतली गाणी कोणा एकाच्या मालकीची नसतात. पण त्यांचं रेकॉर्डिंग ज्याच्या नावावर चढतं, ते रेकॉर्डिंग त्याचं होतं, आणि यूट्यूबची यंत्रणा आपोआप आवाज जुळवून दुसऱ्यांच्या व्हिडिओवर हक्क लावते. उद्या आजीने गायलेलं गाणं तुमच्याच चॅनलवर टाकलंत तर त्यावर कंपनीचा दावा दिसू शकतो. आजीची गाणी आधी तुम्ही स्वतः रेकॉर्ड करा, तिच्या नावाने. गायिका म्हणून नाव लागणं हा कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून कलावंताचा हक्क आहे, आणि व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीत वाटा मिळण्याची तरतूदही त्याच वेळी आली. प्रत्येक गाण्याखाली आधी गाणारीचं नाव लिहा, मग तुमचं, मग बाकीच्यांचं. बऱ्याच चॅनलवर 'अमुक भाऊ प्रस्तुत' एवढंच असतं आणि गाणारी पोरगी कोण ते शेवटपर्यंत कळत नाही.

काकांच्या मुलीबद्दल. ती आठ वर्षांची आहे, म्हणजे वर सांगितलेले २०१७ चे नियम तिच्या वयाला धरूनच आहेत, आणि बाहेरच्या कंपनीच्या शूटिंगला किंवा कार्यक्रमाला ती जाणार असेल तर आयोजकाने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. तिच्या नावाने सुकन्या समृद्धी खातं दहा वर्षांच्या आत उघडता येतं, पोस्टात जा. आणि तिला आत्ताच काळी पाचला गाजवू नका. घरात गाऊ द्या, आजीजवळ बसून गुलाबाईची गाणी शिकू द्या.

भाऊ, तुमचं झालं. परत तुझ्याशी, पोरी.

तू विचारलंस, नाही कसं म्हणू. पहिल्यांदा बोलशील तेव्हा पप्पा चिडतील अशी शक्यता आहे. ते चिडतील ते बहुधा घाबरून. तुझ्याशिवाय लग्नसराई कशी निघेल हा हिशोब त्यांच्या डोक्यात असेल. तो हिशोब मोठ्यांनी सोडवायचा आहे, तुझ्याकडे त्याचं उत्तर नसलं तरी चालेल. रागाच्या भरात कोणी हात उचलला किंवा डॉक्टरकडे नेण्यापासूनच अडवलं तर शाळेतल्या बाईंना सांग, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. तुझ्या पत्रावरून ती वेळ येईल असं मला वाटत नाही, तरी नंबर माहीत असू दे.

डॉक्टर गाऊ नको म्हणाले, तर त्या आठवड्यांत रेकॉर्डिंगच्या खोलीत बसायचं असेल तर बस, पण भावाच्या खुर्चीवर. त्याच्याकडून ट्रॅक कसा लावतात, आवाज कसा मिसळतात ते शिकून घे. आजीला माइकसमोर बसव आणि तिची गाणी तू रेकॉर्ड कर. एखादीचे शब्द तुला अर्धेच येत असतील, ते वहीत उतरवून घे, कोणत्या गावाकडून आलं, कोण म्हणायचं, तेही विचार. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल, तोवर तुझ्याकडे बरंच जमलेलं असेल. डॉक्टरांनी परवानगी दिली तर त्या रात्री गा, आजीच्या सुरात, आणि मधेच थकलीस तर निवांत झोप, बाकीच्या बाया आहेत.

तपासणीत काय निघालं ते मला कळव. कागदाचे फोटोही पाठव, सही न केलेल्याच.

तुझी,
ताई